लहान आयातदारांनी खर्च कुठे वाचवावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्षाला दोन-चार कंटेनर किंवा त्याहूनही कमी माल न्हावा शेव्याला उतरवणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. खर्च कमी करायचा म्हटलं की बहुतेक जण आधी सप्लायरशी घासाघीस करतात. ती करावीच. पण लहान आयातदाराचा पैसा मुख्यतः जातो तो बंदरात फुकट गेलेल्या दिवसांत आणि अर्धवट कागदांत, असं माझं ठाम मत आहे. उदाहरणांतले आकडे हिशोब समजावा म्हणून घेतले आहेत. आपल्या मालाचा त्या दिवशीचा ड्युटीचा दर आयसगेट या कस्टम्सच्या संकेतस्थळावर किंवा सीएचएकडून, म्हणजे कस्टम्सचं काम करून देणाऱ्या एजंटकडून, तपासूनच पुढे जा.

१. आयात सुरू करायची आहे. एजंट नुसत्या आयईसीचे आठ हजार मागतोय. एवढा खर्च येतो का?

नाही. आयईसी म्हणजे आयात-निर्यातीसाठी लागणारा कोड. त्याची सरकारी फी ५०० रुपये आहे. अर्ज डीजीएफटी, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाच्या, संकेतस्थळावर आपला आपण करता येतो, आणि तुमचा पॅन क्रमांक हाच आयईसी क्रमांक असतो. पॅन, पत्त्याचा पुरावा आणि रद्द केलेला चेक एवढ्यावर काम होतं.

दोन गोष्टी मात्र विसरू नका. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात आयईसीची माहिती अद्ययावत करावी लागते. काहीच बदललं नसलं तरी ‘बदल नाही’ अशी खात्री द्यावी लागते. या मुदतीत ते केलं तर फी नाही. केलं नाही तर आयईसी निष्क्रिय होतो, आणि ते बहुधा माल बंदरात उतरल्यावरच कळतं. दुसरं म्हणजे बँकेकडून एडी कोडचं, म्हणजे परकीय चलनाचा व्यवहार ज्या शाखेतून होतो तिच्या क्रमांकाचं, पत्र घेऊन पहिल्या मालाच्या आधीच त्या बंदरासाठी नोंदणी करून ठेवा. जहाज लागल्यावर या नोंदणीमागे धावलात तर भाड्याचं मीटर चालूच राहतं.

२. ड्युटी, सरचार्ज, आयजीएसटी. यातला माझा खरा खर्च कोणता?

समजा मालाची सीआयएफ किंमत, म्हणजे जहाजभाडं आणि विमा धरून, १०,००,००० रुपये आहे. मूळ सीमाशुल्क १० टक्के, म्हणजे १,००,०००. त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, १०,०००. आता ११,१०,००० वर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे १,९९,८००. एकूण भरणा ३,०९,८००.

यातले १,९९,८०० रुपये तुम्हाला इनपुट क्रेडिट म्हणून (विक्रीवरच्या जीएसटीतून वजा होऊन) परत मिळतात. खरा खर्च १,१०,०००. मालाची नगामागची किंमत काढताना आयजीएसटी धरू नका. रोख रक्कम किती दिवस अडकेल याचा हिशोब करताना मात्र जरूर धरा. क्रेडिट मिळण्यासाठी बिल ऑफ एंट्रीवर, म्हणजे कस्टम्सकडे भरायच्या आयातीच्या अर्जावर, तुमचा जीएसटी क्रमांक बरोबर असायला हवा. सीएचएकडून तिचा मसुदा, म्हणजे चेकलिस्ट, आली की सगळ्यात आधी तो एक-एक अंक जुळवून बघा. अँटी-डम्पिंग ड्युटी लागत असेल तर तिचं क्रेडिट मिळत नाही, ती पूर्ण खर्चातच जाते.

३. मी जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत आहे. आयात करू शकतो का?

करू शकता, पण भरलेल्या आयजीएसटीचं क्रेडिट मिळणार नाही. वरच्या उदाहरणात तुमचा खर्च १,१०,००० ऐवजी थेट ३,०९,८०० होतो. नियमित आयात करायची असेल तर आधी साध्या नोंदणीत या. इतर कुठल्याही काटकसरीपेक्षा यात जास्त पैसे वाचतील.

४. चीनचा सप्लायर सीआयएफ दर एफओबीपेक्षा किंचितच जास्त सांगतोय. म्हणजे जहाजभाडं जवळपास फुकट. घ्यायचं ना?

थांबा. एफओबी म्हणजे माल तिकडच्या जहाजावर चढेपर्यंतचीच किंमत, जहाजभाडं वेगळं. सुट्या मालात, म्हणजे एकाच कंटेनरमध्ये अनेकांचा माल भरणाऱ्या एलसीएलमध्ये, हा सापळा फार जुना आहे. तिकडचा फॉरवर्डर, म्हणजे जहाजावर जागा बुक करणारा मध्यस्थ, सप्लायरला नाममात्र भाडं लावतो, कधी तर वर पैसेही देतो. ती सगळी वसुली इकडच्या त्याच्या एजंटकडून तुमच्या डीओच्या (माल सोडायच्या डिलिव्हरी ऑर्डरच्या) बिलात होते. माल त्यांच्या ताब्यात असतो, डीओ त्यांच्याकडूनच घ्यायचा असतो. वाद घालायला जागा उरत नाही. तीन-चार घनमीटर मालाच्या अशा बिलात डीओ फी, टर्मिनल हँडलिंग, कन्सॉलिडेशन, डी-स्टफिंग, ‘डॉक्युमेंटेशन’, ‘अ‍ॅडमिन’, ‘करन्सी अ‍ॅडजस्टमेंट’ अशा सात-आठ ओळी निघतात, आणि त्यातल्या बऱ्याच घनमीटरवर गुणलेल्या असतात.

उपाय सोपा आहे. एफओबीवर माल घ्या आणि फॉरवर्डर मुंबईतला, तुम्ही निवडलेला ठेवा. दोन-तीन जणांकडून कोटेशन मागताना फक्त भाडं विचारू नका. ‘इकडचे सगळे चार्जेस धरून, डीओ हातात पडेपर्यंत एकूण किती’ असं लेखी घ्या. सप्लायर सीआयएफवरच अडून बसला, तर बुकिंगच्या आधी त्याच्या फॉरवर्डरच्या इथल्या एजंटचे चार्जेस ईमेलवर मागवा. ते द्यायला टाळाटाळ झाली तर समजून जा.

एक्स-वर्क्स, म्हणजे कारखान्याच्या दारातला, दर दिसायला सगळ्यात स्वस्त असतो. पण तिकडची गाडी, तिकडचं एक्स्पोर्ट क्लिअरन्स सगळं तुमच्या गळ्यात येतं, आणि त्यावर तुमचं नियंत्रण काहीच नसतं. नव्या माणसानं तो घेऊ नये.

५. एलसीएल, पूर्ण कंटेनर की विमान? कधी काय परवडतं?

वीस फुटी कंटेनरमध्ये प्रत्यक्षात २५ ते २८ घनमीटर माल बसतो. एलसीएलचं भाडं घनमीटर किंवा टन, जे जास्त भरेल त्यावर लागतं. माल साधारण १३-१५ घनमीटरच्या पुढे गेला की पूर्ण कंटेनरचं कोटेशनही मागवा. अर्धा रिकामा कंटेनरही अनेकदा स्वस्त पडतो, कारण एलसीएलमधले घनमीटरवरचे सगळे चार्जेस निघून जातात आणि प्रश्न ९ मधली सोयही खुली होते.

विमानानं एक घनमीटर म्हणजे १६७ किलो धरतात, कुरिअर कंपन्या बहुधा २०० किलो. हलका पण जागा खाणारा माल विमानानं कधीच परवडत नाही. पॅकिंग मात्र सगळीकडे तपासा. सप्लायरच्या नेहमीच्या खोक्यात हवाच जास्त असते. खोक्याचं माप थोडं कमी करून घेतलं तर तो फायदा प्रत्येक खेपेला मिळत राहतो.

६. फ्रेटचं आणि विम्याचं वेगळं बिल नाही. कस्टम्सनं किंमत वाढवून धरली. हे बरोबर आहे का?

नियमानुसार बरोबर आहे. २००७ च्या मूल्यांकन नियमांप्रमाणे प्रत्यक्ष भाडं दाखवता आलं नाही तर एफओबी किमतीच्या २० टक्के भाडं आणि १.१२५ टक्के विमा धरला जातो. एफओबी ८,००,००० असेल आणि खरं भाडं ४०,००० असेल, तर कागदाअभावी ते १,६०,००० धरलं जाईल. त्या जादा १,२०,००० वर १० टक्के ड्युटी आणि अधिभार मिळून १३,२०० रुपये विनाकारण गेले. फॉरवर्डरचं फ्रेट सर्टिफिकेट बिल ऑफ एंट्री भरण्याआधी सीएचएच्या हातात द्या. विम्याचंही तेच. खरी पॉलिसी घेतली तर प्रीमियम सहसा त्या १.१२५ टक्क्यांपेक्षा बराच कमी असतो. माल सुरक्षित, वर किंमतही कमी धरली जाते. विमानाच्या मालात भाडं प्रत्यक्षात कितीही असलं तरी ते एफओबीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरत नाहीत.

७. डॅमरेज, डिटेन्शन, लेट फी. दर वेळी यातच फटका बसतो. कसं थांबवायचं?

या पानावरचं एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर हे वाचा.

आधी कोण कशाचे पैसे घेतं ते वेगळं करा. माल बंदरात किंवा सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामात, पडून राहिल्याचं भाडं, म्हणजे डॅमरेज, बंदर किंवा सीएफएस घेतं. रिकामा कंटेनर परत करायला उशीर झाला की शिपिंग लाइन डिटेन्शन लावते, तेही डॉलरमध्ये आणि चढत्या दरानं. बिल ऑफ एंट्री उशिरा भरली तर कस्टम्सची लेट फी: पहिले तीन दिवस रोज ५,०००, त्यानंतर रोज १०,००० रुपये. ड्युटी भरायला उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. ही चारही मीटरं एकाच वेळी चालू शकतात.

बिल ऑफ एंट्री जहाज लागण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरायची असते, आणि जहाज येण्याच्या ३० दिवस आधीपासून भरता येते. बांगलादेश, श्रीलंका अशा जवळच्या देशांतून येणाऱ्या मालाला जहाज येण्याचा दिवस चालतो. चीनमधून जहाजाला न्हावा शेव्याला यायला दोन-तीन आठवडे लागतात. तेवढ्यात सगळे कागद सहज पूर्ण होतात. माझा आग्रह असा: बिल ऑफ लेडिंगचा (बीएल, म्हणजे जहाज कंपनीच्या मालपावतीचा) मसुदा, इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट माल निघण्याआधीच सीएचएला पाठवा. तीन कागदांवर वजन, नगसंख्या आणि खोक्यांची संख्या जुळलीच पाहिजे. इनव्हॉइसवर ४८० खोकी आणि बीएलवर ४८२, एवढ्यावरून दुरुस्तीत चार दिवस जातात. जहाज चीनमध्ये असताना हीच दुरुस्ती एका ईमेलवर होते.

मूळ बीएल कुरिअरनं मागवत बसू नका. जुना, भरवशाचा सप्लायर असेल तर टेलेक्स रिलीज किंवा सी-वे बिल घ्या, त्यात मूळ कागद न देता माल सुटतो. सप्लायरची उरलेली रक्कम द्यायला उशीर झाला म्हणून रिलीज अडकलं, तर ते भाडं तुमच्याच खिशातून जातं. तेव्हा जहाज पोचायच्या आठवडाभर आधी बँकेचं काम उरका.

डिटेन्शनचे फ्री डे (बिनभाड्याचे दिवस) बुकिंगच्या वेळी मागून घ्या. चौदा दिवस मागितले तर अनेकदा मिळतात, पण मागावे लागतात आणि बीएलवर लिहून घ्यावे लागतात. माल आल्यावर विनवण्या करून काही होत नाही.

उतरल्यापासून ३० दिवसांत माल सोडवला नाही तर तो विकायला काढण्याचा अधिकार कायद्यानं सीएफएसला मिळतो, हेही ध्यानात असू द्या.

८. सीएचएचं बिल दर वेळी वेगळं येतं. त्यात काय बघायचं?

बिलाचे दोन भाग करायला सांगा: त्याची स्वतःची एजन्सी फी, आणि तुमच्या वतीनं भरलेले पैसे. दुसऱ्या भागातल्या प्रत्येक ओळीला तुमच्या नावाची पावती हवी. सीएफएस, शिपिंग लाइन, वाहतूक यांची बिलं तुमच्या जीएसटी क्रमांकावर असली तर त्यावरचा जीएसटीही क्रेडिटमध्ये येतो. सीएचएच्या नावावर निघाली तर तो पैसा बहुतेक वेळा गेलाच.

महाराष्ट्रात डिलिव्हरी ऑर्डरवर हजाराला एक रुपया मुद्रांक शुल्क आहे. ते टाळता येत नाही, पण ‘स्टॅम्प ड्युटी’ म्हणून सरसकट गोल रक्कम लावली असेल तर चलन मागा. ‘मिसलेनियस’ आणि ‘सन्ड्री’ या ओळींचा अर्थ विचारा. उत्तर आलं नाही तर ती ओळ पास करू नका. म्हणून सगळ्यात स्वस्त सीएचए शोधा, असं मी म्हणत नाही. तुमच्या प्रकारचा माल आधी सोडवलेला माणूस दोन हजार जास्त घेत असला तरी कस्टम्सच्या पहिल्याच क्वेरीत ते वसूल होतात.

९. सीएफएसचा खर्च पूर्ण टाळता येतो का?

पूर्ण कंटेनर असेल तर येतो. डायरेक्ट पोर्ट डिलिव्हरीत, म्हणजे डीपीडीत, कंटेनर सीएफएसमध्ये न जाता बंदरातून थेट तुमच्या गोडाउनला निघतो. त्यासाठी एईओ टिअर १, म्हणजे कस्टम्सचं विश्वासू व्यावसायिकाचं, प्रमाणपत्र मिळवणं हा चांगला मार्ग आहे. त्याला सरकारी फी नाही. सर्वसाधारणपणे तीन वर्षांचा व्यवसाय आणि मागच्या वर्षात २५ कस्टम्स कागदपत्रं (बिल ऑफ एंट्री वगैरे) लागतात. एमएसएमईंना दोन वर्षं आणि १० कागदपत्रं पुरतात. नुसतं ट्रेडिंग असेल तर आपलं उद्यम प्रमाणपत्र या सवलतीला चालतं का ते अर्जाआधी विचारून घ्या.

डीपीडीत कंटेनर झटपट उचलावा लागतो, नाहीतर तो सीएफएसलाच जातो. म्हणजे प्रश्न ७ मधली शिस्त आधी. एलसीएल मालाला ही सोय नाही. तो सीएफएसमध्ये उघडावाच लागतो.

१०. सगळेच बिल कमी दाखवतात. मी नाही केलं तर बाजारात टिकणार कसा?

कायदा घडीभर बाजूला ठेवून नुसता हिशोब करू. प्रश्न २ मधला दहा लाखांचा माल पाच लाखांचा दाखवला. ड्युटी आणि अधिभार ५५,००० नं वाचले. आयजीएसटी ९९,९०० नं कमी भरला, पण तो वाचला नाही. क्रेडिट तेवढंच घटलं, विक्रीच्या वेळी तो भरावाच लागणार. आता वह्या बघा. खरेदी ५,५५,००० नं कमी दिसते, म्हणजे तेवढा नफा कागदावर फुगला. भागीदारी फर्मला त्यावर ३० टक्के आयकर, १,६६,५००. पंचावन्न हजार वाचवायला दीड लाखाच्या वर घालवले. हा तोटा टाळायचा तर विक्रीही बिलाविना करावी लागते, आणि उरलेले पाच लाख हवालानं पाठवावे लागतात. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं.

आता कायदा. कस्टम्सकडे त्याच वस्तूच्या इतरांनी दाखवलेल्या किमती असतात. फसवणुकीच्या प्रकरणात पाच वर्षं मागे जाऊन मागणी काढता येते, वर ड्युटीइतका दंड आणि व्याज. माल जप्त होतो तो वेगळाच. सीएचए किंवा सप्लायर असा सल्ला देत असेल तर तो बदला.

११. आसियान किंवा यूएईहून आणला तर ड्युटी लागत नाही म्हणतात. चीनचा माल दुबईमार्गे आणला तर?

दुसऱ्याचं उत्तर आधी: नाही. सवलत माल *कुठे बनला* यावर मिळते, कुठून निघाला यावर नाही. चिनी माल दुबईत फक्त उतरवून पुन्हा चढवला तर तो चिनीच राहतो.

खरी सवलत मात्र मोठी असू शकते. आसियानचा, म्हणजे आग्नेय आशियाई देशांच्या गटाचा, करार २०१० पासून, जपानचा २०११ पासून, यूएईचा १ मे २०२२ पासून आणि ऑस्ट्रेलियाचा २९ डिसेंबर २०२२ पासून लागू आहे. व्हिएतनाम किंवा थायलंडचा दर चीनपेक्षा पाच टक्के जास्त असला तरी ड्युटी धरून तो माल स्वस्त पडू शकतो. दोन्हीकडचा हिशोब मांडून बघा. आसियानमध्ये सर्वसाधारण नियम ३५ टक्के स्थानिक मूल्य आणि सहा अंकी वर्गीकरणात बदल (कच्च्या मालाचा आणि तयार मालाचा कोड वेगळा) असा आहे, आणि प्रमाणपत्र ‘फॉर्म एआय’ लागतं.

२१ सप्टेंबर २०२० पासून नुसतं प्रमाणपत्र पुरत नाही. माल तिथे कसा बनला, कच्चा माल कुठला, ही माहिती आयातदाराकडे असायला हवी आणि पाच वर्षं जपायला हवी. ती द्यायला सप्लायर तयार नसेल तर सवलत गृहीत धरून विक्रीचा दर ठरवू नका. चीनशी मुक्त व्यापार करार नाही, पण आशिया-पॅसिफिक व्यापार करारात भारत आणि चीन दोघेही आहेत. काही मोजक्या वस्तूंना त्यात थोडी सूट आहे. आपली वस्तू यादीत आहे का ते एकदा तपासून घ्या.

१२. एकाच वस्तूला दोन एचएसएन कोड लागू होतात असं वाटतं. कमी ड्युटीचा टाकू का?

एचएसएन, म्हणजे वस्तूचा वर्गीकरण कोड, ड्युटी बघून ठरत नाही. वस्तू काय आहे, कशाची आहे, कशासाठी आहे यावर ठरतो. खरोखरच शंका असेल आणि माल वारंवार आणायचा असेल, तर मुंबईतल्या कस्टम्स अ‍ॅडव्हान्स रूलिंग प्राधिकरणाकडे अर्ज करा. फी १०,००० रुपये आहे, पण मिळालेला निर्णय तुमच्या मालासाठी कस्टम्सवर बंधनकारक असतो. एकदाच आणायचा असेल तर कॅटलॉग आणि तांत्रिक माहिती बिल ऑफ एंट्रीबरोबरच जोडा. क्वेरी येऊन फाइल फिरण्यात जे दिवस जातात ते वाचतात.

१३. बीआयएस आणि लेबल यात खर्च कसा वाचेल?

बीआयएसमध्ये, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या प्रमाणीकरणात, खर्च वाचवायचा मार्ग एकच: ऑर्डर देण्याआधी तपासणं. खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. त्यानंतर पादत्राणं, स्टीलची भांडी, थर्मॉससारख्या बाटल्या अशा कितीतरी वस्तू यादीत आल्या. आयएसआयचा परवाना परदेशातल्या कारखान्याला मिळतो, आयातदाराला नाही. कारखान्याकडे परवाना नसेल तर माल परत पाठवणं किंवा नष्ट करणं एवढंच उरतं.

लेबल तिकडेच लावून घ्या. आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, वजन किंवा नग, मूळ देश, तक्रारीसाठी संपर्क, हा मजकूर तुम्ही तयार करून सप्लायरला पाठवा. खोक्यावर छापायला त्याला काही पैसे लागतात. तेच काम इथल्या गोदामात माणसं लावून करायचं तर खोकी उघडण्यापासून सुरुवात. लाकडी पॅलेट असतील तर त्यांवर उष्णता किंवा धुरी प्रक्रियेचा शिक्का आहे ना, त्याचा फोटो माल भरतानाच मागवा.

१४. बँक डॉलरमागे किती घेते ते कळतच नाही.

‘इंटरबँक दराच्या वर किती पैसे?’ असं थेट विचारा आणि लेखी घ्या. इंटरबँक म्हणजे बँकांचा आपसातला दर. २०,००० डॉलरवर पन्नास पैशांचा फरक म्हणजे १०,००० रुपये. शाखेतला कार्ड रेट हा न विचारणाऱ्यांसाठी असतो. क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाचा एफएक्स-रिटेल हा मंच २०१९ पासून लहान ग्राहकांसाठीही आहे. तिथे बाजाराचा दर दिसतो आणि बँकेचं मार्जिन आधी ठरलेलं असतं. त्यावर नोंदणी केलीत, तर बँकेशी बोलतानाही हातात आकडा असतो.

१५. दिवाळीचा माल लवकर आणला, पण ड्युटी भरायला आत्ता पैसे नाहीत. काय करू?

बाँडेड वेअरहाउसमध्ये, म्हणजे ड्युटी न भरता माल ठेवता येणाऱ्या कस्टम्स-मान्य गोदामात, ठेवा. ड्युटीच्या तिप्पट रकमेचा बाँड द्यावा लागतो, आणि ड्युटी माल काढताना भरायची, हवी तर तुकड्या-तुकड्यानं. पहिले ९० दिवस व्याज नाही, त्यानंतर १५ टक्के. गोदामभाडं आणि बाँडचा खर्च धरून हिशोब करा. कमी ड्युटीच्या, जागा खाणाऱ्या मालाला हे परवडत नाही. चिनी नववर्षाच्या आधी आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातल्या सुटीआधी कारखाने आणि जहाजं दोन्ही तुडुंब असतात, भाडं चढतं. गणपती-दिवाळीची ऑर्डर त्याआधीच आखा.

१६. माल खराब निघाला. सप्लायर बदली माल फुकट देतोय. ड्युटी लागेल का?

लागेल. फुकट आला तरी त्याची खरी किंमत दाखवून ड्युटी भरावी लागते. इनव्हॉइसवर एक डॉलर लिहून घेऊ नका. खराब माल परत पाठवणार असाल तर वापरलेला नसावा आणि आयात केलेला तोच हा, हे सिद्ध व्हावं. दोन वर्षांच्या आत पाठवला तर ९८ टक्क्यांपर्यंत ड्युटी परत मिळते. कस्टम्सनं सोडल्यापासून ३० दिवसांत दोष सापडून माल परत पाठवला किंवा अधिकाऱ्यासमोर नष्ट केला, तर परताव्याची वेगळी तरतूद आहे. ज्या आयजीएसटीचं क्रेडिट घेतलं आहे तो पुन्हा मागता येत नाही. थोडाच माल खराब असेल तर पुढच्या ऑर्डरमध्ये सूट घेणं बहुधा सोपं, पण ती सूट आधीच्या मालाची आहे हे कागदावर स्पष्ट असू द्या. नाहीतर पुढच्या मालाची किंमत कमी दाखवल्यासारखी दिसते.

१७. दुबईतल्या सख्ख्या भावाच्या कंपनीकडून माल घेतो. काही अडचण?

घेता येतो, पण बिल ऑफ एंट्रीत ‘संबंधित व्यक्ती’ असं जाहीर करावं लागतं. प्रकरण कस्टम्सच्या स्पेशल व्हॅल्युएशन ब्रँचकडे जाऊ शकतं. नात्यामुळे किंमत कमी झालेली नाही, हे तुम्ही दाखवायचं. भाऊ हाच माल इतरांना कोणत्या दरानं विकतो त्याची बिलं जमवून ठेवा. २०१६ पासून कागद वेळेत दिले तर चौकशीच्या काळात जादा रक्कम भरावी लागत नाही. नातं लपवलं तर मात्र ते प्रश्न १० च्या वर्गात जातं.

१८. कुरिअरनं नमुने मागवतो. ‘गिफ्ट’ लिहायला सांगू का?

नको. भेट म्हणून येणाऱ्या पार्सलवरची जुनी सूट डिसेंबर २०१९ मध्ये काढून टाकली आहे. खरी किंमत लिहून घ्या आणि कुरिअर कंपनीला पार्सल निघण्याआधीच आयईसी आणि जीएसटी क्रमांक ईमेल करा. नाहीतर ते तुमच्या वैयक्तिक केवायसीवर सोडवतात आणि आयजीएसटीचं क्रेडिट जातं.

१९. संशयावरून कस्टम्सनं माल अडवला, पुढे निर्दोष ठरला. मधल्या दिवसांचं भाडं कुणी भरायचं?

२००९ च्या कस्टम्स कार्गो नियमांनुसार कस्टम्सनं अडवलेल्या किंवा जप्त केलेल्या मालावर सीएफएसनं भाडं घेऊ नये. त्यासाठी कस्टम्सकडून डिटेन्शन प्रमाणपत्र (माल त्यांनीच अडवल्याचं) लेखी मागा. अर्ज माल सुटायच्या आत द्या, नंतर कुणी दाद देत नाही. सीएफएस आणि शिपिंग लाइन सहजी मान्य करत नाहीत, यावर कोर्टकज्जेही झाले आहेत. म्हणून प्रमाणपत्राची प्रत आणि सवलतीची मागणी दोघांनाही ईमेलनं पाठवा, आणि पैसे भरावेच लागले तर ‘हरकत राखून’ असं लिहून भरा.